आप्पांच्या फियाटसाठी इंजिन शोधताना

मे महिन्यात वैभववाडीहून परत येताना करूळ घाटाच्या निम्म्यावर आमची फियाट उभी राहिली. दुपारचे अडीच वाजले होते. मागच्या सीटवर आई आणि मावशी, पुढे माझ्याशेजारी दादा, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि एक भलामोठा फणस. पाण्याचा काटा बराच वेळ लालमध्ये होता, पण पुढचं वळण झालं की सपाटी येईल असं म्हणत मी गाडी रेटत राहिले. शेवटी इंजिनानंच ऐकलं नाही. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ येत होती. पाऊण तास थांबलो, पाणी निवू दिलं, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कसंबसं वर आलो. गगनबावड्यात चहा पिताना आई म्हणाली, "आता आप्पांची गाडी दारातच राहू दे. पुढच्या वेळी आपण वडापच्या जीपनं येऊ."

ती काही रागानं बोलली नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. आप्पांनी ती नंबर लावून, वाट पाहून घेतली होती. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. गाडीचं थोडंफार काम मला येतं, तेही आप्पांच्या हाताखाली पाने देत शिकलेलं.

घाटातून आल्यावर मी ठरवलं की गाडीला ताकदीचं इंजिन टाकायचं. हे ठरवायला एक संध्याकाळ लागली, आणि कोणतं टाकायचं ते ठरवून गाडीत बसेपर्यंत सात महिने.

पहिले दोन महिने नुसते सल्ल्यात गेले. फियाट म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. दादाच्या मित्रानं सुचवलं ते मला फार आवडलं होतं: स्विफ्ट डिझेलमधलं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. ते इंजिन फियाटचंच, म्हणजे फियाटमध्ये फियाटचं इंजिन. ७५ अश्वशक्ती आणि ओढ १९० न्यूटन-मीटर. ऐकायला किती छान वाटतं! पण ते इंजिन पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी आडवं बसवलेलं असतं. गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल एकाच डब्यात, तिथूनच दोन्हीकडे शाफ्ट. आमच्या फियाटचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. मागे गिअरबॉक्स, त्याच्यामागे प्रोपेलर शाफ्ट आणि जोर मागच्या चाकांना. आडव्या इंजिनाला उभं करायचं म्हणजे त्याला दुसरा गिअरबॉक्स शोधायचा, तो जोडायला मधली प्लेट बनवायची, सेन्सर आणि कॉम्प्युटर फसवायचा. शिवाय पेट्रोलची गाडी डिझेलची होणार. एस्टीम, झेन, सिटी, या सगळ्यांची गोष्ट तीच. यादीतली निम्मी नावं या एका मुद्द्यावर गेली.

मग उरली मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची इंजिनं. काँटेसातलं इसुझूचं १,८१७ सीसी, ८८ अश्वशक्ती. जुन्या इकोचं १,१९६ सीसी, ७३ अश्वशक्ती; पण ते पुढच्या सीटखाली बसवायला घडवलेलं, त्याची ठेवणच वेगळी. आणि जिप्सीचं. १,२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती, ॲल्युमिनियमचा ब्लॉक म्हणून वजनाला हलकं. जिप्सीत गिअरबॉक्स आणि फोर-व्हीलचा ट्रान्स्फर बॉक्स वेगवेगळे असतात, त्यामुळे ट्रान्स्फर बाजूला ठेवून नुसता पाच गिअरचा बॉक्स वापरता येतो. आमच्या जुन्या इंजिनाची ताकद नवं असताना ४०-४२ अश्वशक्ती. म्हणजे जिप्सीचं इंजिन टाकलं की थेट दुप्पट.

मी त्या इंजिनाच्या प्रेमात पडले. जुनी इंजिनं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे जाऊन ते पाहिलं, फिरवून पाहिलं आणि पाच हजार रुपये इसार देऊन आले. ही माझी घाई झाली. पुढे इंजिन नको म्हटल्यावर ते पैसे परत मिळाले नाहीत. पावती मागितली नव्हती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. जुनं इंजिन घेणाऱ्यानं रुपया द्यायच्या आधी पावती आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागावेत, हे इथे आवर्जून लिहिते.

आमचे मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरात असतात. आप्पांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखाली. त्यांची धाकटी मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. जिप्सीचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "बाई, इंजिन बसल. कोल्हापुरात काय बी बसतंय. पर पयलं ह्या जुन्याला काय झालंय ते बघूया का? का उगंच दुसरं लगीन लावताय?"

त्यांनी चारही प्लग काढले. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज पहिल्या भोकात धरलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा चढत ११० पाउंडांवर थांबला. दुसऱ्यात १०५. तिसऱ्यात ७०. चौथ्यात १०८. मग त्यांनी ऑइलच्या डब्यातून चमचाभर ऑइल तिसऱ्या सिलिंडरमध्ये सोडलं, पुन्हा गेज धरलं. या वेळी काटा १०० वर गेला. "बगा," ते म्हणाले. ऑइलनं फट भरली की दाब वाढतो, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नाही, पिस्टनच्या कडेनं आहे. रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, संपलेत. हे इंजिन आप्पांनी दोनदा बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून, घेतलं होतं; पिस्टन शेवटच्या ओव्हरसाइजचे, म्हणजे सर्वांत मोठ्या मापाचे होते. आता पुन्हा करायचं तर सिलिंडरच्या आत नव्या नळ्या, म्हणजे लायनर मारावे लागणार, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकही दाखवावा लागणार.

त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की घाटात दमलं ते ४२ घोड्यांचं इंजिन नव्हतंच. त्यातले कितीतरी घोडे केव्हाच गेलेले होते.

रात्री वही घेऊन बसले. मुलांना कार्य आणि शक्ती शिकवताना घालते तसंच गणित घातलं. गाडी सुमारे ८९५ किलो, चार माणसं आणि सामान मिळून वजन १,२०० किलो धरलं. चढ बारास एक. म्हणजे नुसतं वर ओढायला १०० किलोचं बळ. टायर लोळवायला आणखी २० किलो. एकूण १२०. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटरच्या वर. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलणं. भागाकार केला तर उत्तर आलं १८ अश्वशक्ती. ताशी ६० ला हवेचा विरोध धरून ३० च्या आसपास. गिअर आणि एक्सलमध्ये जातं ते मिळवलं तर इंजिनानं ३४-३५ द्यायला हवी.

मी ते उत्तर तीनदा तपासलं. घाट नीट चढायला ८० घोडे लागत नाहीत. पण एक खोच आहे. कागदावरची ४२ अश्वशक्ती इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं तेव्हाची. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ते तीन-साडेतीन हजारांवर असतं आणि तिथे ते जेमतेम तीसपर्यंत पोचणार, तेही नवं असेल तर. म्हणून ४२ अपुरे पडतात. पन्नासच्या आसपासचं, तब्येतीनं धडधाकट आणि मधल्या फेऱ्यांवर ओढणारं इंजिन आम्हाला पुरून उरेल, हे त्या रात्री वहीत स्पष्ट दिसलं.

तरी जिप्सीचा मोह सुटला नव्हता. तो पुठ्ठ्यानं सोडवला.

मिस्त्रींनी चेन कप्पीला लटकवून जुनं इंजिन बाहेर काढलं. बॉनेटखाली रिकामी खोली झाली. मी टेप घेऊन आत वाकले आणि मापं उतरवली: मागच्या पत्र्यापासून रेडिएटरपर्यंत, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधलं अंतर, खाली पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या पट्टीची जागा आणि उंची, उजवीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि त्याची दांडी, वर बॉनेटच्या खालच्या फासळ्या. मग पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे जाऊन जिप्सीच्या इंजिनाची मापं घेतली. लांबी-रुंदी-उंची एवढ्यावर भागत नाही. ऑइलचा पॅन कुठे खोल आहे, पंख्याचं नाक किती पुढे येतं, एक्झॉस्ट कोणत्या बाजूला, स्टार्टर कुठे, हे सगळं लिहून घ्यावं लागतं. शाळेच्या प्रदर्शनाचा उरलेला जाड पुठ्ठा होता. त्याचं, चिकटपट्टी लावून, खऱ्या मापाचं इंजिन बनवलं. पॅनला वेगळा डबा, एक्झॉस्टला वेगळा. दोन दोऱ्यांना बांधून आम्ही ते त्या खोलीत सोडलं.

पुठ्ठ्याचं इंजिन कुणाची भीड धरत नाही. जिप्सीच्या इंजिनाला एका बाजूनं हवा आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर पडतो, त्यामुळे कोणती ना कोणती बाजू स्टिअरिंगच्या अंगावर येणारच. खाली पॅनचा डबा पट्टीपाशी अडत होता. मिस्त्री बराच वेळ कंदील फिरवत बघत राहिले. मग म्हणाले, "पॅन कापायचा, न्हाईतर ही पट्टी. पट्टी मी कापणार न्हाई." फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी आणि चासी एकच. त्या पट्टीवर पुढची चाकं उभी असतात. तिला हात लावायचा नाही, हे माझंही तेव्हाच ठरलं.

आणि ब्रेक. हे मला फार आधी सुचायला हवं होतं. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दुप्पट ताकदीचं इंजिन म्हणजे दुप्पट वेगाचा मोह, आणि करूळ घाट जेवढा चढायचा तेवढाच उतरायचाही असतो. उतारावर ड्रम तापले की पायाखालचं पेडल मऊ होत जातं, ते मी अनुभवलंय. ८० अश्वशक्ती घ्यायची तर ब्रेक बदला, मग ते पेलायला पुढचे हब बदला, मग मागचा एक्सल बदला. एवढं सगळं बदलल्यावर आप्पांची गाडी म्हणून उरणार काय?

शेवटचा खिळा परिवहन कार्यालयात बसला. खरं तर मी तिथे सर्वांत आधी जायला हवं होतं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या माहितीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा कडक अर्थ लावला आहे, तेव्हापासून दुसऱ्याच कंपनीचं मोठं इंजिन म्हटलं की अर्ज पुढे सरकतच नाही, असं त्यांनी सांगितलं. विम्याचंही तेच. पॉलिसीवर इंजिन नंबर आणि सीसी लिहिलेले असतात. ते जुळले नाहीत आणि काही झालं, तर आपण रस्त्यावर. 'कोण बघतंय' म्हणून चोरून इंजिन टाकणारे पुष्कळ आहेत, मला तसा सल्लाही मिळाला. पण मागच्या सीटवर आई बसणार असेल तर असा धोका मी पत्करणार नाही.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट कळली. जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये वेगळे नियम केलेत. ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर नाही. आमची गाडी २०३४ साली ५० वर्षांची होईल. तोपर्यंत मला ती चालवायची आहे, आणि २०३४ साली ती मूळ रूपात परत आणता यायला हवी आहे. या दोन्ही गोष्टी एकदम मनात आल्यावर इंजिनाची अटच बदलली. आता मला असं इंजिन हवं होतं जे बसवता येईल तसंच काढताही येईल.

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते कापसानं हात पुसत म्हणाले, "मग वन-एटीन बगा की. त्ये बी प्रीमियरचंच हाय."

प्रीमियर ११८ एनई ही १९८५ पासून कुर्ल्याच्याच कंपनीनं काढलेली गाडी. अंग फियाट १२४चं, आणि इंजिन निस्सानचं ए-१२. नावातलं एनई म्हणजेच निस्सान इंजिन. १,१७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. माझ्या वहीत ज्या आकड्याभोवती वर्तुळ होतं, त्याच्या अगदी जवळ. कागदावर दहाच घोड्यांचा फरक दिसतो, पण आत डोकावलं की फरक मोठा आहे. आमच्या जुन्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, म्हणजे पिस्टन अरुंद आणि त्याची धाव लांब. ए-१२चा बोअर ७३, स्ट्रोक ७०. तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टनला कमी धावावं लागतं, त्यामुळे जास्त फेऱ्या सोसतात. दुसरं म्हणजे क्रँकशाफ्टला आधार. फियाटच्या इंजिनात क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो, ए-१२ मध्ये पाचवर. हायवेला ऐंशीनं तासभर गेलं की जुन्या इंजिनात जी थरथर यायची, ती कशामुळे ते मला इथे समजलं. आणि इतकं असूनही यंत्र ओळखीचंच आहे: पुशरॉड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर. वैभववाडीत बंद पडलं तरी तिथला मिस्त्री लॅपटॉप मागणार नाही.

तीन ठिकाणी पाहिल्यावर इचलकरंजीच्या बाजूला एक ११८ एनई सापडली. बॉडी पार कुजलेली, ताडपत्रीखाली उभी, पण मालकानं इंजिन दर थोड्या दिवसांनी चालू करून ठेवलेलं. आम्ही स्वतःचं गेज घेऊन गेलो होतो. १४८, १४५, १५०, १४६. चारही आकडे इतके जवळजवळ पाहून मिस्त्रींनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. ऑइलचं झाकण काढून त्यांनी आतून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. काळं होतं, पण पांढरट साय नव्हती. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नव्हतं. डिपस्टिक हुंगली. पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का पाहिलं. इंजिन तापल्यावर बंद करून लगेच पुन्हा चालू केलं. मग मी टेप काढला आणि पॅनपासून पंख्यापर्यंत सगळी मापं घेतली. घरी येऊन दुसरं पुठ्ठ्याचं इंजिन बनवलं. ते खाली सोडलं तेव्हा पट्टी आणि पॅनमध्ये अंगठ्याएवढी फट राहिली. स्टिअरिंगच्या दांडीजवळून एक्झॉस्टचा पाइप जरा वळवून न्यावा लागणार होता, एवढंच.

गिअरबॉक्सचं मात्र मन घट्ट करून ठरवावं लागलं. आप्पांच्या गाडीचे गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीचे. ए-१२ सोबत येणारा गिअरबॉक्स खाली जमिनीतून दांडी येणारा. पद्मिनीच्या अगदी शेवटच्या वर्षांत कंपनीनंही गिअर खाली आणला होता, तरी आमच्या गाडीच्या मधल्या पत्र्याला त्यासाठी वाटीएवढं भोक पाडावं लागणार होतं. सगळ्या कामातली ही एकमेव कापाकापी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ती वरची दांडी तशीच ठेव. आप्पांचा हात सारखा तिच्यावर असायचा." दांडी तशीच ठेवलीय, नुसती, कशालाही न जोडलेली. कापलेला पत्र्याचा तुकडा ग्रीस लावून कागदात गुंडाळून ठेवलाय. तो परत वेल्ड करता येईल.

कागदांना अडीच महिने लागले. इंजिन विकत घेतल्याचं बिल, जुन्या ११८च्या आरसीचे कागद आणि ती मोडीत काढल्याची नोंद, माझा अर्ज, गाडीची तपासणी. इंजिन त्याच कंपनीच्या गाडीतलं आहे, फरक कमी आहे, इंधन तेच आहे, या गोष्टी मी अर्जात सविस्तर लिहिल्या. परवानगी मिळाली, नंबर चढला, विमा कंपनीला कळवून पॉलिसी दुरुस्त करून घेतली. माझं झालं म्हणून सगळ्यांचंच होईल असं मी म्हणणार नाही. ज्याला असं काही करायचंय त्यानं इंजिन शोधायच्या आधी स्वतःच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारावं.

बसवण्याचं काम तुलनेनं सरळ झालं, कारण मापं आधीच झाली होती. उद्यमनगरात एका लेथवाल्यानं माउंटिंगचे दोन कंस बनवले, तेही जुन्याच बोल्टांच्या भोकांवर बसणारे. प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून बॅलन्स केला. मागचा एक्सल जुनाच ठेवला. त्याचं प्रमाण मी खडूनं मोजलं होतं: शाफ्टवर एक खूण, चाकांवर दुसरी, चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट सव्वाचारच्या जरा वर फिरतो. घाटासाठी हे चांगलं आहे, हायवेला थोडा आवाज होतो. रेडिएटरला नवी, जास्त जाडीची जाळी टाकली. कारण पेट्रोलमधल्या उष्णतेचा फार तर चौथा हिस्सा चाकांपर्यंत जातो, बाकीची पाण्यातून आणि धुरातून बाहेर काढावीच लागते, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. ब्रेकची लायनिंग, व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या सगळ्या नव्या. ब्रेकचं काम इंजिनाच्या आधी करा, असं मी मिस्त्रींना सांगितलं होतं आणि त्यांनी ते तसंच केलं. गिअरबॉक्ससकट इंजिन ३८ हजारांना पडलं. बाकीच्या कामाचा खर्च त्याहून जास्त झाला, आणि मला त्यातला एकही रुपया जड वाटला नाही.

डिसेंबरात आम्ही चौघं पुन्हा निघालो. बालिंगा, कळे, साळवण, असळज. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला की गाडी पुढे निघत होती. घाट उतरताना मी दुसरा गिअर सोडला नाही, आणि ब्रेक पायाखाली शेवटपर्यंत टणक राहिला. दोन दिवसांनी परतीला तोच चढ लागला. मुद्दाम दुपारीच निघाले होते. मेच्या उन्हाशी डिसेंबरच्या दुपारची बरोबरी होत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून खरी परीक्षा अजून व्हायचीय. पण जिथे आम्ही पाऊण तास उभे होतो, त्या वळणावरून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचेचाळीसनं वर गेली. पाण्याचा काटा मध्यापेक्षा किंचित वर. दादा काट्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे. मागून आईचा आवाज आला, "तो कठडा गेला का गं?" गेला म्हटलं. मग ती मावशीला खालची दरी दाखवू लागली.

जुनं इंजिन आमच्या मागच्या खोलीत लाकडी घोड्यावर आहे. मिस्त्रींनी लायनरचं माप घेऊन ठेवलंय, पैसे साठतील तसं एकेक करायचं. तोपर्यंत ते जाम होऊ नये म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडते आणि पुढच्या पुलीला पाना लावून त्याला सावकाश अर्धा फेरा देते. तिसऱ्या सिलिंडरपाशी हाताला अजूनही किंचित सैल लागतं.